हुस्नाबानोंची कोठी आणि यांत्रिक मेंदू

१ जानेवारी १९७८, रविवार. सकाळ.

नवे वर्ष, नवी वही. बाबांनी तहसील कचेरीतून आणलेली आहे. पहिल्या पानावर कोणीतरी 'पीक पाहणी' असे लिहून खोडले आहे. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणीही वाचणार नाही, म्हणून येथे केवळ सत्य लिहीन.

प्रथम सत्य असे की मी, विशाखा देवमन इंगोले, वय एकवीस, बी.एस्सी., मॅट्रिकला मराठी माध्यमातून तालुक्यात पहिली, स्वभावतः मितभाषी आहे. लोक यास लाजाळूपणा म्हणतात. लोकांचा शब्दसंग्रह मर्यादित असतो.

कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सारे मंगरूळपीर मोठ्या बाई म्हणते, त्यांनी शिक्षिकेच्या जागेसाठी मला बोलावले आहे. ४ फेब्रुवारीस पाचवीच्या वर्गावर नमुना पाठ. विषय: पृथ्वीचे फिरणे. चाळीस मुली, तीस मिनिटे. माझी गुणपत्रिका पाहून मोठ्या बाई म्हणाल्या, गुण भरपूर आहेत, आता आवाज ऐकायचा आहे. आवाजाचा प्रश्नच उद्भवत नाही. मनात मी उत्तम बोलते.

दुपारी.

बाबांनी कचेरीतून शिळे वर्तमानपत्र आणले. त्यात बातमी: अमेरिकेत एक यंत्र माणसांशी बुद्धिबळ खेळते आणि जिंकते. दुसरे एक यंत्र टेलिव्हिजनच्या पडद्यावर चेंडू खेळविते. त्यास 'यांत्रिक मेंदू' असे म्हटले आहे. मी मोठ्याने हसले. (घरात कोणी नव्हते.)

संध्याकाळी बातमी वाचून दाखविली. बाबांनी विचारले, मशीन हरलं त त्याले लाज वाटते का? मी म्हटले, नाही. बाबा म्हणाले, मंग ते खेळणं कायचं? आई म्हणाली, चक्की आली तवाही लोक म्हनत होते, बाया आता बसून खातीन. मी त अजून बसली नाही बाप्पा.

संकल्प: 'यंत्रास बुद्धी नाही' या विषयावर निबंध लिहून तो २६ जानेवारीस ध्वजवंदनानंतर भाषणरूपाने सादर करणे. मोठ्या बाई समोरच असतील. एका बाणात दोन्ही कामे.

५ जानेवारी, गुरुवार.

नमुना पाठाचा सराव रांजणासमोर केला. आवाज खणखणीत. रांजणातून प्रतिध्वनीही आला. 'मुलींनो, पृथ्वी स्वतःभोवती फिरते' येथपर्यंत पोहोचले तोच आई पाणी घ्यावयास आली. तेथे विषय आटोपला होताच.

८ जानेवारी, रविवार.

धक्कादायक वार्ता. आपल्याच गावात यांत्रिक मेंदू तयार होत आहे!

वेशीजवळ रेडिओ व स्टोव्ह दुरुस्त करणारे शफीकभाई महिनाअखेरच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात 'कम्पुटर' मांडणार आहेत. तो फुली-गोळा खेळतो म्हणे. आपण फुलीचे बटण दाबावे, तो गोळ्याचा दिवा लावतो, आणि कधीही हरत नाही. हे सर्व त्यांनी आपल्या अम्मीच्या, हुस्नाबानोंच्या, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत बसविले आहे. हुस्नाबानो आमच्या ओट्यावर बसून आईला सांगत होत्या, साठ पायली ज्वारी पलंगाखाली ओतली गंगूबाई, कोठी कम्पुटरको दे दी. आता पलंगावर मी निजू का ज्वारीची राखण करू? मी त सांगितलं त्याले, भूक लगी तो कम्पुटर पीस के खा.

मी आतल्या खोलीतून सर्व ऐकले व विचार केला. कोठी माणसाच्या छातीइतकी उंच असते. वरून झाकण, खाली दाणे काढावयाचे लहान दार. तीत एक माणूस सहज बसू शकतो. यंत्रास बुद्धी नसते. हे यंत्र बुद्धीने खेळते. म्हणून आत माणूस आहे. तर्क अभेद्य आहे.

१२ जानेवारी, गुरुवार.

शफीकभाईंच्या दुकानी गेले. निमित्त: आमचा स्टोव्ह. यंत्राशी सात डाव खेळले. चार यंत्राने जिंकले, तीन बरोबरीत सुटले. मी हरले असे म्हणता येणार नाही. मी निरीक्षण करीत होते.

आत कोण आहे, हे विचारावयाचे होते. दुकानात तीन गिऱ्हाइके होती, म्हणून प्रश्न चिठ्ठीवर लिहिला, झाकण किंचित उचलून आत टाकला व थांबले. चिठ्ठी खालच्या दारातून तशीच बाहेर आली. शफीकभाईंनी ती उचलून वाचली आणि इतके हसले की हातातली पिन स्टोव्हच्या भोकात अडकली. म्हणाले, ताई, आत कोणीच नाही. तारा हायेत अन् टेलिफोनच्या भंगारातले खटके. पण तुमी अर्ध्या तासापासून काही बोलून नाही राह्यल्या, त मले तुमच्याच आत कोणी हाय का नाही याची शंका येऊन राह्यली.

मी उत्तर दिले. (घरी आल्यावर.)

२० जानेवारी, शुक्रवार.

निबंध पूर्ण. अकरा पाने. तोंडपाठ. आईस म्हणून दाखविणार होते, परंतु तिला कपाशी वेचण्यास जावयाचे होते. बाबांना म्हणून दाखविणार होते, परंतु त्यांना वेळ होता.

२६ जानेवारी, गुरुवार.

भाषण झाले. संक्षिप्त.

त्याच दिवशी, दुपारी.

तपशील नोंदवून ठेवते. 'अध्यक्ष महोदय' हे शब्द स्पष्ट उच्चारले गेले, असे पहिल्या रांगेतील लोक सांगतात. त्यानंतर मी विचारपूर्वक विराम घेतला. विराम लांबला. मग कोणीतरी टाळ्या वाजविल्या व मी खाली बसले. बाबा म्हणाले, चांगलं झालं पोरी, मागच्या सालच्या पाहुन्यापेक्षा लवकर आटपलं. मोठ्या बाई समोरच होत्या. चष्मा पुसत होत्या.

दोष माझा नाही. वस्तुतः भाषणापेक्षा पुरावा श्रेष्ठ. अकरा पाने बोलून जे सिद्ध झाले असते, ते कोठीतील माणूस प्रत्यक्ष दाखवून एका क्षणात सिद्ध होईल. त्यास भाषणाचीही गरज नाही. बोट दाखविले तरी पुरे.

२७ जानेवारी, शुक्रवार.

योजना: उद्या प्रदर्शनाचे उद्घाटन दहा वाजता आहे. कोठी आज संध्याकाळी कन्याशाळेच्या सभागृहात नेऊन ठेवली आहे. मी सात वाजता जाईन, बाकावर चढून झाकण उघडीन आणि आत त्या माणसाची बसण्याची सोय, म्हणजे पाट, पाण्याचा तांब्या, विडीचे थोटूक इत्यादी, शोधून काढीन. साडेसातला परत. कोणासही दिसणार नाही.

२८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी.

अंगातून ज्वारीचा भुसा अद्याप निघत आहे. क्रमाने लिहिते.

सात वाजता गेले. शिपाई अंगण झाडीत होता. आत डोकावून नीट दिसेना, म्हणून आत उतरले. एका बाजूस लाकडी फळी, तीवर तारा व खटके. पाट नाही. तांब्या नाही. माणूस नाही. याचा अर्थ स्पष्ट होता: माणूस अजून यावयाचा होता. तो आत उतरताना त्यास पकडावे म्हणून मी खाली बसून राहिले.

माणूस आला नाही. शफीकभाई आले. कोणी हात घालू नये, असे पुटपुटत त्यांनी वरचे झाकण लावले आणि त्यास कुलूप घातले.

हाक मारावी असे क्षणभर वाटले. परंतु बाहेर तोवर किमान तीस माणसे जमली होती. तीस माणसांसमोर ज्वारीच्या कोठीतून हाक मारणे शोभले नसते.

दहा वाजता पंचायत समितीचे सभापती माणिकराव आले. नारळ फुटला. आणि लाईन गेली.

दिवे विझले. खटके बंद. शफीकभाई बटणे दाबीत होते, त्यांचा श्वास मला पत्र्यातून ऐकू येत होता. माणिकराव म्हणाले, अबे शफीक, हे त नुसती कोठीच हाय! सभागृह हसले. कोणी म्हणाले, दोन पायली घाला बरं आमाले. शफीकभाई म्हणत होते, साहेब, पाच मिनिटं, लाईन येऊन राह्यली, दीड साल झाला बनवून राह्यलो साहेब. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. माणिकरावांनी काठीने कोठीवर ठणठण वाजविले: काय बे मशीन, लाईन गेली त अक्कलही गेली का? सांग, सतरा सत्ते किती?

एकशे एकोणीस, असे कोणीतरी म्हणाले.

ती मी होते.

असा गलका झाला की फळीवरचे खटके आपोआप वाजू लागले. बिनलाईनचं बोलून राह्यलं! अरे, बाईमाणूस हाय मशीन! मग प्रश्नांचा मारा. चंद्र किती दूर? दूध उतू जाते, पाणी का जात नाही? ग्रहण कसे लागते? आणि मी सांगू लागले! पत्र्याआड कोणाचा चेहरा दिसत नव्हता, कोणास माझा दिसत नव्हता, आणि माझा आवाज त्या कोठीत असा घुमत होता की तो मलाच आवडू लागला. ग्रहणासाठी मी शफीकभाईंना सूर्याच्या जागी कंदील धरावयास लावला, माणिकरावांचा फेटा चंद्र केला, नारळाची पृथ्वी केली. लोक उड्या मारीत होते. माणिकरावांनी आवाज बारीक करून विचारले, पुढच्या वारी मी निवडून येईन का? मी म्हटले, यंत्राजवळ माहिती अपुरी आहे, कृपया मतदारांस विचारा. सभागृह कोसळले! मी विनोद केला. मी! आयुष्यात प्रथमच, तोही चारचौघांत. म्हणजे अडीचशेंत.

मध्येच मला जोराने शिंक आली. शफीकभाई म्हणाले, हवा खाते ते. थंड ठेवा लागते.

नंतर गर्दीतून ओळखीचा आवाज. आई! तिने विचारले, काहून गा मशीन, आमची विशाखा सकायपासून कुठी गेली, सांगता येते का तुले? मी आवाज जाड करून सांगितले, ती सुरक्षित असून अभ्यासात मग्न आहे. आई म्हणाली, जेवली का? मी म्हटले, नाही. थोड्या वेळाने दाणे काढावयाच्या दारातून फडक्यात बांधलेली दीड भाकर व ठेचा आत सरकला.

मी सुन्न झाले. ज्या घराने बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ज्या घरात माझ्या जन्माच्या वर्षी सर्व देव्हारे उठले, त्या घरातील स्त्रीने एका यंत्रास नैवेद्य दाखवावा! यंत्रयुगाचे हे खरे संकट आहे. शिकलेल्या मुलीच्या आईचीही बुद्धी ते भ्रष्ट करते. अन्न वाया जाऊ नये म्हणून भाकर खाल्ली. ठेचा कमी तिखट होता, जसा मला लागतो तसा. योगायोग.

सर्वांत शेवटी मोठ्या बाई आल्या. म्हणाल्या, पृथ्वी फिरते तर आपण पडत का नाही, हे पाचवीच्या मुलींना कळेल असे सांगता येईल का? माझा नमुना पाठ! तीस मिनिटे बोलले. एकदाही अडखळले नाही. टाळ्या. मोठ्या बाई तेथेच उभ्या राहिल्या, मग हलक्या आवाजात म्हणाल्या, हे सारे बाहेर येऊन सांगता येईल का? मी उत्तर दिले, तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.

दीड वाजता सर्व लोक जेवावयास गेल्यावर शफीकभाईंनी कुलूप काढले. आत पाहिले. मी वर पाहिले. ते म्हणाले, ताई, आत माणूस हाय म्हनत होत्या तुमी. बरोबर होत्या. आणि मी बाहेर निघेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

२९ जानेवारी, रविवार.

लाईन आली. यंत्र दिवसभर न चुकता फुली-गोळा खेळले. लोक निराश. काल बोलत होतं, आज मुकं झालं, नजर लागली. कोणी त्यास लिंबू बांधले. माझ्या शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, काल काय गोड बोलत होतं व माय, आज नुसते डोळे मिचकावून राह्यलं. मी गर्दीत उभी होते. सत्य जाहीर करण्याचे निवेदन (दोन पाने) पदराखाली होते. योग्य क्षण आला नाही. गर्दी फार होती, आणि नंतर ती अगदीच कमी झाली.

शफीकभाईंना पहिले बक्षीस. ढाल घेताना ते खाली पाहत होते. मी त्यांना क्षमा केली आहे.

३१ जानेवारी, मंगळवार.

अकोल्याच्या वर्तमानपत्रात चार ओळी: 'मंगरूळपीर येथे विजेविना बोलणारा यांत्रिक मेंदू. उच्चार अत्यंत शुद्ध.' वर्तमानपत्रे काय वाटेल ते छापतात. कात्रण वहीत चिकटविले आहे.

एक गोष्ट मात्र निश्चित झाली. मी तीस मिनिटे बोलू शकते. ४ तारखेची आता काळजी नाही. मधे पत्रा नसेल, एवढाच काय तो फरक.

४ फेब्रुवारी, शनिवार.

फळा अतिशय नीटनेटका लिहिला गेला.

५ फेब्रुवारी, रविवार.

काल अधिक लिहिणे जमले नाही. वर्गात शिरले. चाळीस चेहरे. ऐंशी डोळे. पृथ्वी फिरते हे मला त्या क्षणी प्रत्यक्ष जाणवले. मी फळ्याकडे वळले व तीस मिनिटे लिहीत राहिले: आकृत्या, बाण, चार रंगांत. मुलींनी उतरवून घेतले. पाठीमागे कोणीही हसले नाही, हे नमूद करते.

बाहेर व्हरांड्यात मोठ्या बाईंनी शफीकभाईंना बोलावून ठेवले होते. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्या त्यांना म्हणाल्या, सोमवारी साडेदहाला ते यंत्र पाचवीच्या वर्गात आणून ठेवा, तास त्यालाच द्यायचा आहे. हे बोलताना चष्मा पुसत माझ्याकडे पाहत होत्या.

माझी जागा यंत्रास! जिवंत, प्रथम श्रेणीतील, मराठी माध्यमातील माणसाची जागा पत्र्याच्या डब्यास! जगाचे काय होणार, हे मी १ जानेवारीसच ओळखले होते.

आता शफीकभाई येऊन गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून टोपी हातात फिरवीत होते. म्हणाले, ताई, त्याले फुली-गोळ्याशिवाय काही येत नाही, तुमाले माहीतच हाय. उद्या तोंड काळं होईन माझं. फक्त एक तास. मी तारा एका बाजूने बांधल्या. आईने चुलीजवळूनच विचारले, हवेसाठी भोकं पाडले का? आईस भोकांशी काय कर्तव्य, कळत नाही.

मी तत्त्वतः नकार दिला. नंतर केवळ शफीकभाईंच्या प्रतिष्ठेसाठी अटी घातल्या: कुलूप नको, कडी आतून हवी. आत पाट हवा. आणि ही गोष्ट जगात आम्हा दोघांखेरीज कोणासही कळता कामा नये. शफीकभाईंनी आईकडे पाहिले, टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, बरं ताई. नाही कळनार कोनाले.

६ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी.

तास उत्कृष्ट झाला. दिवस, रात्र, ऋतू, सर्व. मुली प्रश्नामागून प्रश्न विचारीत होत्या. एकीने विचारले, पृथ्वी फिरते त बाजूचं शेलूबाजार आपल्याकडे काहून येत नाही? आम्ही सर्व इतके हसलो की कोठी हलली.

घंटा झाली. मुली रांगेने बाहेर निघाल्या आणि प्रत्येकीने जाताना कोठीजवळ थांबून म्हटले, येतो बाई. मला वाटले, शिष्टाचार. चाळीसही जणी म्हणाल्या, येतो बाई.

मग सर्व शांत झाले. दाणे काढावयाचे दार उघडले आणि एक लांब वही आत सरकली. शिक्षकांचे मस्टर. मोठ्या बाईंचा आवाज आला: इंगोले बाई, सही राहिली तुमची.

पाचव्या क्रमांकावर मोठ्या बाईंच्या अक्षरात माझे नाव होते. शाई वाळलेली. १ फेब्रुवारीपासून.

मी जाड आवाजात म्हटले, यंत्रास सही करता येत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, यंत्राला शिंकही येत नाही. सव्वीस तारखेच्या भाषणात, त्या म्हणाल्या, तुम्ही 'अध्यक्ष महोदय' ज्या आवाजात म्हणालात, त्याच आवाजात सतरा सत्ते आले. तेव्हाच ठरवले. नंतरचा नमुना पाठ केवळ शाळेच्या निवड समितीला दाखवण्यासाठी होता. समितीला फळाही आवडला. एवढेच करा, रोज थोडे झाकण उघडत चला. मी विचारले, आणखी कोणास ठाऊक आहे? त्या म्हणाल्या, तुमच्या आईंनी भाकर आणली, तेव्हा रांगेत त्यांना पुढे जाऊ द्या म्हणून लोकच सांगत होते. फक्त माणिकराव सभापतींना कोणी सांगितले नाही. त्यांनी पंचायत समितीसाठी अशीच एक कोठी मागितली आहे.

मी मस्टरवर सही केली. पाटावर बसून, आतून. मग कडी काढली व झाकण चार बोटे उचलले. बाहेर मोठ्या बाई होत्या, दाराशी शफीकभाई, आणि त्यांच्यामागे हुस्नाबानो पोते घेऊन, ज्वारी आज भरता येईल का, हे पाहावयास आलेल्या. त्या म्हणाल्या, अगं पोरी, तू निकल, मी भरते. मी म्हटले, अजून चार दिवस. हे मी मोठ्याने म्हटले, चार बोटांच्या फटीतून, तिघांसमोर.

रात्री जेवताना आईस विचारले, तुला कधी कळले? आई म्हणाली, तुहा आवाज मले नाही समजन का? ठेचा कायले कमी तिखट केला होता मंग?

म्हणजे माणिकराव सभापती आणि यंत्र, हे दोघे वगळता साऱ्या गावास सर्व काही पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. यंत्रास बुद्धी नसते, हे माझे मत आज सप्रमाण सिद्ध झाले.